ताईचं ताट

माझ्या ताईला जेवताना पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्रेसष्ट वर्षं तिच्या मागेपुढे वावरलो, पण ताई स्वतःचं ताट समोर घेऊन बसली आहे, शांतपणे जेवते आहे, असं एकही चित्र माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. आणि तरी बाई अंगानं चांगली भरलेली. गल्लीतले लोक चेष्टा करायचे, "शिवणवाल्या बाई काही खात नाहीत, नुसत्या वाऱ्यावर वाढतात." तीही हसायची. "माझा बांधाच तसा," असं म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कमरेला मापपट्टी लावायची.

कपडे दुरुस्त करणं हा तिचा धंदा. नवे कपडे शिवणं तिनं केव्हाच सोडलं होतं. तिच्या मते नवं कोणीही शिवतं, उसवून पुन्हा नीट करायला अक्कल लागते. तिच्याकडे यायचे ते सगळे जाड झालेले नाहीतर बारीक झालेले लोक. माणूस दारातून आत येईपर्यंत ही नजरेनंच माप घ्यायची. "दीड इंच सोडावं लागेल. नोकरी बदललीत का?" की तो गडी ओशाळून सांगायचा, हो, नव्या ऑफिसात चारच्या चहाबरोबर सगळेच काहीतरी मागवतात, नाही म्हटलं तर वाईट दिसतं. एक बाई दर सहा महिन्यांनी तोच झगा घेऊन यायच्या, कधी सैल करायला, कधी घट्ट करायला. त्यांचा नवरा बोटीवर कामाला होता. तो घरी असला की झगा सैल व्हायचा, तो गेला की घट्ट. ताई मला म्हणायची, "छोट्या, भूक लागली म्हणून खाणारी माणसं फार थोडी. कोणी साहेबावर चिडून खातं, कोणी घरात बोलायला माणूस नाही म्हणून खातं, कोणी समोरचा खातोय म्हणून खातं." साऱ्या गल्लीच्या पोटातलं तिला कळायचं. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार.

त्या अंधाराचं मूळ मला ठाऊक होतं. म्हणून तर माझा जास्त संताप होतो, तो माझा माझ्यावरच.

आम्ही चार भावंडं आणि आईवडील मिळून सहा माणसं, आणि घरात ताटं पाच. सहावं आणायचं राहिलं ते राहिलंच. वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर, आई दवाखान्यात चादरी धुवायला. ताई दहा वर्षांची असल्यापासून आम्हाला वाढायची, आणि वाढणाऱ्याला ताट कशाला लागतं? ज्याचं आधी होईल त्याच्या ताटात उरलेलं ती संपवायची, मग पातेल्याच्या तळाचं खरवडायची. ती बारा वर्षांची असताना ऐन थंडीत कारखाना चार महिने बंद पडला. तेव्हा पातेल्याच्या तळाशी काही राहीनासं झालं, आणि ताटात जे राहील त्यावर तिचं भागायला लागलं. मी सहा-सात वर्षांचा होतो. पावाच्या कडा आणि बटाट्याची एखादी फोड मी ताटाच्या एका बाजूला सारून ठेवायचो आणि "झालं माझं" म्हणून उठायचो. तिनं कधी मागितलं नाही आणि मीही कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात प्रेमाची दुसरी काही भाषा नव्हती.

पुढे बरे दिवस आले, सगळ्यांना ताटं मिळाली, पण ते चार महिने आम्ही चौघांनी आपापल्या परीनं पोटात जपून ठेवले. मी अजून असा भरभर जेवतो की बायको म्हणते, "अहो, कोणी मागे लागलंय का?" मधली बहीण दूरच्या शहरात असते, घर भरलेलं आहे, तरी तिच्या कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली बिस्किटांचे पुडे असतात. मोठा भाऊ पाहुणा म्हणून गेला तरी ताट असं पुसून घेतो की धुवायची गरज नाही. आणि ताई कायमची उरलेल्यावर राहिली.

तेवढंही एक वेळ ठीक होतं. घोळ असा, की आमच्या घरात त्याला जेवण म्हणतच नसत. जेवण म्हणजे जे ताटात वाढून घेतलं ते. बाकीचं नुसतं 'संपवणं'. आई कामावरून आल्यावर विचारायची, "तू जेवलीस का गं?" ताई म्हणायची, "नाही, संपवलं." दोघींनाही त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मलाही नाही.

लग्न होऊन ती नवऱ्याच्या घरी गेली. तिथं ताटांना तोटा नव्हता. मेहुणे शाळेत कारकून, स्वभावानं गरीब. सुरुवातीला बिचारे म्हणायचे, "अगं, बस ना बरोबर." ही म्हणायची, "तुमचं होऊ दे, मी बघते." त्यांनी महिनाभर आग्रह केला आणि सोडून दिला. मग मुलगा झाला, तो मोठा झाला, सून आली, दोन नातवंडं आली. मेहुणे गेले. सुनेनंही प्रयत्न करून पाहिला. ती हिचं ताट वाढून टेबलावर ठेवायची, ही ते उचलून नातवंडांपुढे सरकवायची, आणि मग त्या दोघांनी चिवडलेलं सगळं ओट्यापाशी उभ्यानं संपवायची. थोरली भाजी टाकायची, धाकटा दुधात बुडवलेला पाव टाकायचा. सून कामावर नेलेला डबा अर्धा परत आणायची. ते तिघांचं उरलेलं म्हणजे एका धडधाकट माणसाचं दोन वेळचं जेवण होतं. ताईच्या लेखी ती काही खातच नव्हती.

मीही आठवड्यातून दोन-तीनदा तिच्याकडे जेवायचो, आणि साठीतही ताटाच्या कडेला दोन घास ठेवून उठायचो. माझ्या बायकोला आधी त्याचा राग यायचा. "वन्संनी एवढ्या मायेनं केलं आणि तुम्ही टाकता काय?" मग एकदा तिनं ताईला माझं ताट उचलताना पाहिलं आणि त्यानंतर ती त्यावर कधी बोलली नाही.

ताईला साखरेचा आजार निघाला तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेजारच्या खोलीत आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्या मुलीपेक्षा लहान, पण कामाला पक्की. तिनं एक वही दिली. सकाळपासून झोपेपर्यंत जे पोटात जाईल ते या वहीत लिहायचं, म्हणाली. ताईला चष्मा लावूनही बारीक लिहिता येत नव्हतं. मी म्हटलं, मी लिहीन. रोज संध्याकाळी चहाला येतोच.

माझ्या हाताला ती सवयच होती. मी चौतीस वर्षं पाण्याच्या मीटरचे आकडे घेत फिरलो. दारोदार जायचं, झाकण उघडायचं, काच पुसायची, आकडा लिहायचा आणि पुढच्या दाराला जायचं. पाणी कोणी वापरलं, कशाला वापरलं, ते आमचं काम नाही. मीटर सांगेल ते खरं. ताईसमोर वही उघडून मी तसाच बसायचो.

"बोल, आज काय जेवलीस?"

"कुठं काय रे. अर्धी वाटी भात घेतला होता."

"आणि?"

"एक पाव. चहाबरोबर."

"बस?"

"बस. मला कुठं भूक असते."

मी लिहायचो. अर्धी वाटी भात, एक पाव, तीन चहा बिनसाखरेचे. माझ्या मागं स्वयंपाकघरात तिनं नुकतीच नातवंडांची दोन ताटं संपवलेली असायची. तिनं ती सांगितली नाहीत, कारण ते जेवण नव्हतं. मी विचारली नाहीत, कारण माझ्याही लेखी ते जेवण नव्हतं. दुसरा कोणीही परका माणूस वही घेऊन बसला असता तर त्यानं विचारलं असतं, ओट्यापाशी उभं राहून तुम्ही आत्ता काय चघळत होता? पण त्या पाच ताटांच्या घरातून मीही आलो होतो.

महिन्यानं आहारवाल्या मुलीनं वही चाळली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आजी, एवढं कमी खाऊन साखर एवढी?" तिनं आमच्याकडे संशयानं पाहिलं. तेव्हा मी, शहाणा माणूस, छाती पुढे काढून म्हणालो, "अहो, मी स्वतः लिहितो रोज. एक अक्षर खोटं नाही." खरंच एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टरांनी मग काय करावं? जेवणात कमी करण्यासारखं काही नाही म्हटल्यावर त्यांनी औषध वाढवलं. पुढच्या खेपेला आणखी वाढवलं, आणि मग इन्शुलिनचं इंजेक्शन सुरू झालं. ताईनं ते दोन दिवसांत शिकून घेतलं. सिरिंजवरच्या रेघा तिला मापपट्टीसारख्याच वाटल्या असाव्यात. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. साखर खाली आली. सगळे खूष झाले. आहारवाली मुलगी म्हणाली, "आता तीन महिन्यांनी या. वही मात्र चालू ठेवा. आणि कधी घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर खायची." बाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, "साखरेचाच आजार आणि वर साखर खा म्हणे. पोरगी गोड आहे, पण जरा वेंधळीच." आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

त्यानंतर पंधरा दिवसांत तिच्या मुलाची बदली झाली. त्याला बायको-मुलांसह जायचं होतं आणि आईलाही न्यायचं होतं. तो हात जोडून म्हणाला, "आई, चल ना गं." ही म्हणाली, "माझी गिऱ्हाइकं कुठं टाकू? अठरा जणांचे कपडे पडलेत." तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तिच्या जेवणाकडे बघा हं. एकटी कंटाळा करेल." मी म्हटलं, "तू निर्धास्त जा. माझ्याकडे वही आहे."

ते गेले आणि घरात ताटं घाण होणं बंद झालं.

आणि मी काय केलं? जे केलं ते तिच्या भल्यासाठीच केलं. मला वाटलं, आता ही एकटी, साखरेची पेशंट, हिला आपल्यासाठी रांधायला लावणं बरं नव्हे. मी तिला म्हणालो, "ताई, माझ्यासाठी काही करत बसू नकोस. आजपासून मी घरून जेवूनच येणार. फक्त चहा." ती म्हणाली, "असं का रे? अर्धा घास तरी." मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही." मला माझ्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा. त्या घरात जेवणारं एकच माणूस उरलं होतं, तेही मी उठवलं.

पुढचे सहा आठवडे मी रोज संध्याकाळी वही उघडली.

"काय जेवलीस?"

"अर्धी वाटी भात. एक पाव."

मी लिहीत गेलो. आधी ती तीन ताटं संपवत होती तेव्हाही अर्धी वाटी भात आणि एक पाव, आणि आता त्याखेरीज काहीच खात नव्हती तेव्हाही अर्धी वाटी भात आणि एक पाव. चौतीस वर्षं मी हे काम केलं. घरातली माणसं गेली तरी आकडा तसाच, आली तरी तसाच, हे दिसलं की नवशिका पोरगाही ओळखतो की मीटर बंद आहे, बदलायला हवा. मी ओळखलं नाही. रोज काच पुसून बंद मीटरचा आकडा लिहीत राहिलो.

दिसायचं सगळं दिसत होतं. ती झपाट्यानं उतरत होती. मी म्हणालो, "ताई, बारीक झालीस! छान दिसतेस." ती लाजली. स्वतःचे झगे दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं आत घेऊन तिनं बसवले होते. एकदा तिच्याकडून एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी बसली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा, कपाळावर घाम असायचा. मी म्हणालो, "वय झालं आता, कामं कमी कर." आणि माझ्यापुढे चहा ठेवून ती समोर बसायची आणि माझ्या बशीकडे बघत राहायची. मी बिस्किट खाऊन बशी रिकामी करून ठेवायचो. तिला साखर चालत नाही ना, म्हणून मी मुद्दाम काही उरू द्यायचो नाही.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला पँट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती मशीनवर डोकं टेकून बसलेली दिसली. त्याला वाटलं डुलकी लागली असेल, म्हणून तो भला माणूस बाहेर बाकावर तासभर थांबला. मग त्यानं आत जाऊन हाक मारली. मी दवाखान्यात पोचलो तोवर नळ्या लावून झाल्या होत्या. डॉक्टर मला विचारत होते, साखर एवढी खाली कशी गेली, त्या जेवत नव्हत्या का? मी वही पुढे केली. त्यांनी ती पाहिली आणि परत दिली. अर्धी वाटी भात, एक पाव.

मी तिच्या घरी गेलो, किल्लीनं दार उघडलं. फ्रीजमध्ये शेजारणीनं आणि माझ्या बायकोनं पाठवलेले डबे ओळीनं ठेवलेले होते. नऊ डबे. झाकणही उघडलेलं नव्हतं. मागचे चार आंबून गेले होते. शेजारीण माझ्यामागून आत आली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मी विचारलं होतं हो त्यांना, खात का नाही म्हणून. म्हणाल्या, अख्खा डबा आहे, आधी कोणीतरी जेवू दे, मग मी बघते. मला वाटलं, मुलगा येणार असेल."

मी त्या ओट्यापाशी बसलो आणि ओरडून रडलो. जन्मभर माझ्या ताटातलं खाऊन जगलेली बाई, आणि तिला काय लागतं ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडून बोलायला लागली, पण कोणाला ओळखेना. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, आता काही परत येईल, काही येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी वहीबद्दल सगळं त्यांना आणि त्या आहारवाल्या मुलीला सांगितलं. ताट, संपवणं, सगळं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, "चूक माझीही आहे, आजोबा. मी तुमच्या ताटात काय उरतं ते विचारायला हवं होतं." एवढं बोलून ती वही घेऊन निघून गेली.

आता ताई माझ्याकडे असते. मुलगा दर शनिवारी येतो, ती त्याला "या, बसा" म्हणते. नातवंडांना ती शेजारची मुलं समजते. मशीनपाशी नेऊन बसवली तर चाकावर हात ठेवून दुसरीकडेच बघते. मला छोट्या म्हणणारं माणूस आता जगात उरलं नाही.

पहिल्या दिवशी बायकोनं तिच्यापुढे ताट ठेवलं. भात, भाजी, पाव, एक उकडलेलं अंडं. मला वाटलं, आता ही ते सरकवणार, 'तुमचं होऊ दे' म्हणणार. मी तिला आग्रह करायचं, दटावायचं, रडायचं, सगळं मनात ठरवून बसलो होतो. तिनं ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागली. सावकाश, चवीनं, मध्ये थांबून पाणी पीत. आम्ही दोघं आमचं जेवण विसरून तिच्याकडे बघत राहिलो. तिनं अंडं शेवटाला ठेवलं होतं, लहान मुलं ठेवतात तसं. ते खाऊन झाल्यावर तिनं आणखी थोडा भात मागितला. अख्ख्या जन्मात तिनं पहिल्यांदा काही मागितलं. आधी आम्ही सगळे तिच्या डोक्यातून गेलो, तेव्हा कुठं तिला जेवता आलं.

हात धुऊन आल्यावर ती माझ्या बायकोच्या जवळ सरकली आणि माझ्याकडे एकदा बघून तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "इथं जेवायला बरं मिळतं हो. कोण माणसं आहेत कोणास ठाऊक, पण चांगली आहेत."